मोजलेले प्याले

धुळे-सोलापूर महामार्ग बीड मागे टाकतो आणि मांजरसुंब्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात शिरतो. तेथे त्याला अहिल्यानगरहून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरहून, आलेला रस्ता छेदतो. या चौकातून पश्चिमेला गेले की जामखेडमार्गे निजामशाहीच्या राजधानीचा भुईकोट किल्ला लागतो. उत्तरेला गेले की बीड, मग गोदावरी, तिच्या पलीकडे जालन्याचा मुलूख आणि पूर्णेचे खोरे, आणि आणखी पुढे तापीकाठचे बुऱ्हाणपूर. चारशे वर्षांपूर्वी या दोन्ही वाटांच्या टोकांशी मोगल शाहजाद्यांच्या छावण्या पडल्या होत्या. दख्खन जिंकण्यासाठी अकबराने पाठविलेल्या दोन मुलांनी या मोहिमांवर असतानाच प्राण सोडले. त्यांना शत्रूच्या तलवारीने नव्हे, मद्याने नेले. सर्वांत थोरला तेवढा वाचला. तो म्हणजे सलीम, पुढचा बादशहा जहांगीर.

जहांगीर स्वतः कधी बालाघाटात आला नाही. मात्र या बाजूने येणाऱ्या बातम्यांनी त्याचे अर्धे आयुष्य व्यापले होते आणि त्यांतल्या दोन बातम्या त्याच्या सख्ख्या रक्ताच्या होत्या. विलासी, मद्यपी, नूरजहानच्या मुठीतला बादशहा अशी त्याची ओळख शाळेच्या पुस्तकांपासून आपल्या मनात ठसलेली आहे. ती अगदीच खोटी नाही. पण त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेली आत्मकथा, तुझुक-इ-जहांगिरी, वाचताना वेगळाच माणूस समोर येतो. आपण किती पितो, केव्हापासून पितो, त्याचा शरीरावर काय परिणाम झाला, कोणत्या हकिमाने काय सांगितले आणि आपण त्यातले किती पाळले, याचा असा जमाखर्च ठेवणारा दुसरा राजा हिंदुस्थानच्या इतिहासात सापडणे कठीण. तो पिणारा होता, तसाच आयुष्यभराचा रोगीही होता, आणि या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी ठाऊक होत्या.

सलीमचा जन्म ऑगस्ट १५६९चा, फतेहपूर सिक्रीचा. शेख सलीम चिश्ती यांच्या आशीर्वादाने झालेला, नवसाचा मुलगा. लहानपणी आई आणि दाया बाळऔषध म्हणून कधी दोन-तीनदा मद्याचा थेंब देत. एकदा खोकला झाला तेव्हा वडिलांनी तोळाभर अर्क गुलाबपाण्यात मिसळून पाजला. ही नोंद त्याचीच आहे. मद्याशी त्याची पहिली भेट झाली ती औषध म्हणूनच.

खरी सुरुवात अटकेला झाली. १५८६च्या सुमारास अकबराची छावणी सिंधू नदीच्या काठी युसुफझाई पठाणांचा बंदोबस्त करीत होती. शिकारीला गेलेला तरुण सलीम दिवसभराच्या दौडीने थकून गेला. बरोबरच्या एका तोफचीने सुचविले की एक पेला घेतला तर थकवा पळेल. शाहजाद्याने पाणक्याला पिटाळले ते थेट हकीम अलीच्या घरी. हकिमाकडून छोट्या बाटलीत पिवळसर, गोड चवीचे दीड पेला मद्य आले. सलीमला ते आवडले. वैद्याच्या घरून आलेल्या त्या बाटलीपासून पुढची चाळीस वर्षे सुरू झाली.

द्राक्षाचे मद्य काही दिवसांतच फिके पडले. मग ऊर्ध्वपातित अर्क आला, तोही दोनदा काढलेला. नऊ वर्षांत मजल वीस पेल्यांवर गेली. चौदा दिवसा, उरलेले रात्री. हिंदुस्थानी वजनाने ते सहा शेर भरत. या काळात त्याचे जेवण म्हणजे एक कोंबडी, थोडी पोळी आणि मुळा. अडविण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. अखेर हात इतके थरथरू लागले की पेला स्वतःला धरता येईना. दुसरे धरीत आणि शाहजादा पीत असे. शरीर मद्यावाचून चालेनासे झाल्याची ही खूण आहे, हे आजचा कोणताही डॉक्टर सांगेल.

सलीमने हकीम हुमामला बोलावून घेतले. हुमाम अकबराच्या विश्वासातला, दरबारातला मातब्बर माणूस. त्याने आडपडदा ठेवला नाही. असेच चालले तर सहा महिन्यांनी इलाजाचा प्रश्नच उरणार नाही, असे त्याने तोंडावर सांगितले. भावी बादशहाला हे सांगणे सोपे नव्हते. सलीमनेही राग धरला नाही. जीव प्यारा होता, असे त्याने मोकळेपणाने लिहिले आहे. त्या दिवसापासून त्याने अर्कात द्राक्षाचे मद्य मिसळायला घेतले, दोन भाग मद्य आणि एक भाग अर्क, आणि रोज थोडे थोडे कमी करीत नेले. वीसवरून सहा पेल्यांवर यायला त्याला सात वर्षे लागली. प्रत्येक पेला सव्वाअठरा मिस्कालांचा. आजच्या मापाने सहा पेले मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास होतात. पिणे रात्रीचे, आणि आठवड्यातून एक रात्र वर्ज्य.

सात वर्षे चिकाटीने मात्रा उतरवत नेणे ही साधी गोष्ट नाही. जहांगीरच्या चरित्रात त्याच्या इच्छाशक्तीचा हा बहुधा सर्वांत मोठा पुरावा आहे, आणि इतिहासकारांनी तो फारसा मोजलेला नाही. पण या उपचाराला एक फट होती. मद्य उतरवताना त्याची जागा फालुनिया नावाच्या अफूमिश्रित पाकाने घेतली. पुढे अफू रोजची झाली. शिवाय हुमामने वाचविले ते मरणापासून, मद्यापासून नव्हे. सहा हा आकडा पथ्याचा म्हणून ठरला आणि पथ्याच्याच नावाखाली तो पंधरा वर्षे टिकला.

याच काळात दख्खनमधून बातम्या आल्या. धाकटा मुराद १५९५च्या अखेरीस अहमदनगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला होता. चांदबिबीने तो वेढा ज्या हिमतीने परतविला त्याची कथा महाराष्ट्राला माहीत आहे. वऱ्हाड पदरात पाडून मुराद मागे हटला खरा, पण सरदारांशी भांडणे, अपयश, त्यात लहानग्या मुलाचा मृत्यू, आणि या सर्वांवर उतारा म्हणून मद्य. बापाने बोलावूनही तो आग्र्याला जाईना. शेवटी अकबराने अबुल फजलला त्याला आणण्यासाठी धाडले. अबुल फजल पोहोचतो न पोहोचतो तोच, मे १५९९मध्ये, दौलताबादेपासून वीस कोसांवर पूर्णा नदीकाठच्या छावणीत मुरादने डोळे मिटले. वय अवघे अठ्ठावीस.

दानियालची कथा याहून करुण आहे. १६०० साली अहमदनगरचा किल्ला अखेर त्याच्या हाती पडला आणि तो बुऱ्हाणपूरला राहू लागला. त्याचे पिणे अकबराच्या कानांवर गेले. सासरा खानखानान अब्दुल रहीम, म्हणजेच दोह्यांचा कवी रहीम, याने जावयाभोवती पहारा बसविला. मद्याचा थेंब आत जाऊ नये अशी सक्त ताकीद दिली. दानियालने नोकरांपुढे अक्षरशः रडून विनवण्या केल्या. त्याला शिकारीचा मोठा नाद. आपल्या एका आवडत्या बंदुकीला त्याने जनाज्याची बरोबरी सांगणारे नाव दिले होते, जिला तिची गोळी लागली तो थेट तिरडीवर. एका तोफचीने याच बंदुकीच्या नळीत दोनदा काढलेला अर्क भरून तो पहाऱ्यातून आत नेला. नळीतला दारूगोळ्याचा खार आणि गंज अर्कात विरघळला. दानियालने तो घेतला आणि अंथरूण धरले ते कायमचे. १६०५ साली तो गेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. ही हकिकत तपशिलाने लिहून ठेवणारा जहांगीरच आहे. त्याच्या त्या पानांत निंदेचा सूर नाही. बंदुकीचे नाव आणि धन्याचे मरण यांतला योगायोग मात्र त्याच्या नजरेतून सुटत नाही.

त्याच वर्षी अकबर वारला आणि सलीम जहांगीर झाला. गादीवर येताच त्याने बारा फर्माने काढली. त्यांतल्या एकाने मद्य आणि इतर मादक पदार्थ तयार करण्यास व विकण्यास बंदी केली. गंमत अशी की त्याच परिच्छेदात आपण स्वतः किती वर्षांपासून पितो हेही त्याने नमूद केले आहे. पुढे १६१७मध्ये त्याने तंबाखूवर बंदी घातली, कारण ती प्रकृतीला अपायकारक. याला ढोंग म्हणणे सोपे आहे. पण ढोंगी माणूस आपली कबुली फर्मानाशेजारी लिहीत नाही. दारू काय करते हे त्याला इतरांच्या बाबतीत स्वच्छ दिसत होते आणि स्वतःच्या बाबतीतही दिसत होते. ते दिसण्याने हात मात्र थांबत नव्हता.

हात न थांबण्याचे कारण केवळ शरीराच्या सवयीत शोधता येणार नाही. मोगल दरबारात पेला हा राज्यकारभाराचा भाग होता. तैमूरच्या वंशाची ती जुनी रीत. बादशहाने आपल्या हाताने दिलेला पेला ही जहागिरीच्या बरोबरीची कृपा. जहांगीरने आपली मुद्रा असलेली जी सोन्याची नाणी पाडली त्यांतल्या काहींवर तो हातात पेला घेऊन बसलेला आहे. त्याच्या नावाची अक्षरे कोरलेले जेडचे पेले आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. रात्रीच्या खासगी मजलशीत जो बसे तो आपला, आणि आपला असण्याची खूण म्हणजे त्याच्याबरोबर पिणे. अशा बैठकीत यजमानानेच पेला पालथा घालायचा म्हणजे जमलेल्या माणसांना काय सांगायचे?

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१६च्या जानेवारीत अजमेरला दरबारात हजर झाला. त्याच्या रोजनिशीत या मजलशींचे बारकाईने केलेले वर्णन आहे. त्याच सालच्या सप्टेंबरात बादशहाच्या वाढदिवशी सोन्याच्या झाकणाच्या पेल्यातून मद्य आले. रोने घोट घेतला तर ते इतके जहाल की त्याला शिंका आवरेनात, आणि बादशहा खदखदून हसला. दुसरा प्रसंग हसण्यासारखा नाही. एका रात्री बादशहाच्या आज्ञेने सरदार प्याले, आणि पिणाऱ्यांची नावे रिवाजाप्रमाणे नोंदविली गेली. पुढे भर दरबारात कोणीतरी त्या रात्रीचा उल्लेख केला. बादशहाला काही आठवेना. हुकूम कोणी दिला, असे त्याने विचारले. हुकूम खुद्द आपलाच होता हे सांगण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. मग प्यालेल्यांना दंड झाला, फटके बसले; एकाला तर मरणाच्या दारी पोचविण्यात आले. त्याच दरबाराच्या दारावर आत जाणाऱ्याच्या तोंडाचा वास घेणारे द्वारपाल उभे असत. रात्री पिणे ही सेवा आणि दिवसा तोच गुन्हा, अशा घरात रोगी यजमानाचे पथ्य कोण सांभाळणार?

रोला जहांगीर भेटला त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. शाहजादा खुर्रम चोविसाव्या वर्षी तुलेला बसला. त्याला मुले झाली होती, पण मद्याला त्याने अजून स्पर्श केला नव्हता. त्या दिवशी बापाने त्याला आग्रहाने पाजले. राजे आणि राजपुत्र पीतच आले आहेत, सणाला, नवरोजाला, मोठ्या मजलशीत बेताने घ्यावे, शुद्ध हरपेल इतके घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. आधाराला त्याने थोर वैद्य इब्न सीनाचे मत आणले. खुर्रमने बऱ्याच मिनतवारीनंतर पेला घेतला. आणि नेमके याच ठिकाणी जहांगीरने स्वतःच्या पिण्याचा तो सारा इतिहास, अटक, वीस पेले, थरथरणारे हात, हुमामचा इशारा, लिहून काढला आहे. मुलाला पहिला पेला देताना त्याला स्वतःचा पहिला पेला आठवावा, आणि तरीही त्याने तो द्यावा, हे वाचताना मन अस्वस्थ होते. दोन भाऊ गमावलेला माणूस मुलाला बेताने पिण्याचा सल्ला देत होता. बेत म्हणजे काय ते त्याने सात वर्षे झगडून शिकले होते. मुलाला ते आयते कळेल, असे त्याला वाटले असावे.

१६१८मध्ये इनायत खान नावाचा त्याच्या जवळचा एक सेवक अफू आणि मद्याने पोखरून मरणाला टेकला. हकीम रुक्नाने उपचार करून पाहिले, उपयोग झाला नाही. पालखीतून आणलेला तो हाडांचा सापळा पाहून बादशहा थक्क झाला आणि त्याने चितारऱ्यांना त्याचे चित्र काढायला सांगितले. उशांना टेकलेला, बरगड्या मोजता येतील असा तो माणूस आज ऑक्सफर्ड आणि बोस्टनच्या संग्रहांत पाहणाऱ्याचा श्वास रोखून धरतो. इनायत खान दुसऱ्या दिवशी गेला.

१६२० साली काश्मीरमध्ये, दसऱ्याच्या दिवशी, जहांगीरला स्वतःचा श्वास अडकल्याची पहिली जाणीव झाली. छातीत डाव्या बाजूला, हृदयाजवळ, काहीतरी दाटल्यासारखे वाटले. हा दमा होता आणि तो पुन्हा त्याला सोडून गेला नाही. हकीम रुहुल्लाच्या उष्ण औषधांनी थोडे बरे वाटले. पण डोंगर उतरून खाली येताच दुखणे वाढले. शेळीचे दूध झाले, सांडणीचे दूध झाले. हकीम आले आणि गेले. ज्या हकीम सद्रावर बादशहाने उपकारांचा वर्षाव केला होता त्याने उपचार हाती घ्यायलाच नकार दिला. आपल्या विद्येवर आपला तेवढा भरवसा नाही, असे त्याचे म्हणणे. हकीम अबुल कासिमनेही अंग काढून घेतले. जहांगीरने या कृतघ्नपणाबद्दल मोठी कडवट नोंद केली आहे. पण हकिमांची बाजूही पाहायला हवी. विजापूरचा पहिला इब्राहिम आदिलशहा अतिमद्यपानाने आजारी पडला तेव्हा त्याने गुण येईना म्हणून काही वैद्यांची डोकी उडविली आणि काहींना हत्तीच्या पायी दिले. हे घडले १५५८च्या आसपास. शाही रोगी बरा झाला नाही तर काय होऊ शकते हे कोणत्याही हकिमाला पाठ असणार.

हकिमांनी सोडल्यावर बादशहाने स्वतःच उपाय शोधला. पेला घेतला की छाती मोकळी होते, असे त्याच्या ध्यानात आले. मग रात्रीच पिण्याचा, इतकी वर्षे पाळलेला नियम मोडला. दिवसाही पेला सुरू झाला आणि मात्रा चढत गेली. त्याला आलेला अनुभव केवळ भ्रम नव्हता. अल्कोहोलने श्वासनलिका थोडा वेळ सैलावतात, हे पुढे वैद्यकानेही नोंदविले. एकोणिसाव्या शतकातले युरोपीय डॉक्टर दम्यावर मद्य सुचवीत असत. पण हा आराम घटकाभराचा. त्याच मद्यातल्या घटकांनी कित्येक दमेकऱ्यांना उलट झटका येतो, आणि अफूची जोड असेल तर श्वासाचे केंद्रच मंदावते. इतकी वर्षे ज्याच्याशी त्याने मापे ठरवून तह केला होता तो शत्रू आता औषधाच्या वेशात आत आला. हिवाळा सरून ऊन तापले तसा अपाय उघड झाला आणि अशक्तपणा वाढला.

येथे नूरजहान पुढे झाली. दरबारी इतिहासकारांनी तिच्यावर बादशहाला मुठीत ठेवल्याचा ठपका ठेवला, आणि राजकारणात तो काही अंशी खराही असेल. आजाऱ्याच्या खोलीत मात्र दुसरे कोणीच ते करू शकले नसते. तिने पेले कमी केले. एकदम बंद केले नाहीत. हुमामसारखीच ती पायरीपायरीने उतरली. पथ्याचे अन्न आणि सोसतील अशी औषधे तिने आपल्या देखरेखीखाली दिली. तिची जाण सर्व हकिमांपेक्षा अधिक होती, हे जहांगीरने स्पष्ट लिहून ठेवले आहे. १६२१च्या शरद ऋतूत तो उठून बसू लागला तेव्हा त्याच्या तुलादानाचा सोहळा तिनेच पार पाडला. आजारी बादशहाजवळ बसून पेला मागे सारणे, आणि तो रागावला तर तो राग झेलणे, हे काम कोणत्याही हकिमाच्या पगारात बसणारे नव्हते.

याच हिवाळ्यात, बाप पेल्यात श्वास शोधत असताना, मुलगा दख्खनच्या वाटेवर होता. मलिक अंबरने मोगलांना पुन्हा जेरीस आणले होते आणि खुर्रमला मोहिमेवर धाडण्यात आले होते. वाटेत चंबळेच्या काठी त्याने मुक्काम केला आणि मद्य कायमचे सोडल्याचे जाहीर केले. बरोबरचा सारा साठा नदीत ओतला. सोन्यारुप्याचे पेले फोडून त्यांचे तुकडे गोरगरिबांत वाटले. ज्या मुलखात दोन चुलते पिऊन मेले त्या मुलखात तो कोरड्या घशाने उतरला. १६२१मध्ये त्याने मलिक अंबरची राजधानी खिडकी उद्ध्वस्त केली आणि अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा या तिन्ही दरबारांकडून मिळून पन्नास लाखांची खंडणी कबूल करून घेतली. दुसऱ्याच वर्षी तो बापाविरुद्ध उठला. दारू सोडली म्हणून माणूस सद्गुणी होतोच असे नाही.

जहांगीरचा हात आता लेखणीलाही आवरेना. राज्यारोहणाच्या सतराव्या वर्षानंतर त्याने आत्मकथेचे काम मुतमद खानाकडे सोपविले. उन्हाळा आला की मैदानी हवा सोसत नसे, म्हणून काश्मीर. १६२६मध्ये महाबत खानाने त्याला झेलमच्या काठी जवळजवळ कैदेत ठेवले; त्यातून तो नूरजहानच्या चतुराईने सुटला. त्याच वर्षी बुऱ्हाणपूरहून पुन्हा तीच बातमी आली. दुसरा मुलगा परवेझ मद्याने गेला होता. पाच वर्षांपूर्वी बापाच्या दुखण्याची वार्ता ऐकून धावत आलेला आणि त्याच्या शय्येभोवती तीन प्रदक्षिणा घालणारा मुलगा तो हाच.

१६२७चा उन्हाळा काश्मीरमध्ये गेला. घोड्यावर बसवेना, पालखी लागे. अन्न जाईना. चाळीस वर्षांची सोबतीण अफू तिचीही वासना मेली. द्राक्षाच्या मद्याचे थोडे पेले तेवढे उरले. परतीच्या वाटेवर बहरामगल्ल्याला शिकारीच्या जागी एक प्यादा हरणामागे धावता धावता कड्यावरून कोसळला. बादशहाच्या मनाने त्या मरणाची धास्ती घेतली. त्याने त्या गरिबाच्या आईला बोलावून पैसे दिले, तरी चित्त थाऱ्यावर येईना. पुढच्या मुक्कामाकडे जाताना त्याने पेला मागितला. आणणाऱ्याने तो ओठांना लावला. घोट घशाखाली उतरला नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस, भिंबरच्या वाटेवर, पहाटे तो गेला. वय अठ्ठावन्न. नूरजहानने त्याला लाहोरला नेऊन रावीपलीकडे शाहदऱ्याच्या बागेत पुरले.